विहिरीमागचं घर

"घर नंबर?"

"पाम गावाला कुठले नंबर, भाऊ?" खिडकीच्या गजांपलीकडून हंसा म्हणाली. "पत्ता कोराच ठेवा ना. माझं पत्र आलं तर मी इथूनच घेऊन जाईन."

"कोरा ठेवा म्हणे!" मी टाक खाली ठेवला. "अगं, विद्यापीठाचा नमुना आहे हा. एक रकाना कोरा गेला की अख्खी यादी परत येते, आणि बोलणी मी खातो."

"माझ्या घरचं जरा तसं हाय."

"तसं म्हणजे कसं?"

तिने मागे वळून पाहिलं. रांगेत पाच-सहा पोरं उभी होती, कान टवकारून. गजांना तोंड लावून ती अगदी हळू म्हणाली, "मंजुळाबाई मास्तरीण. पाम."

पालघरच्या त्या नव्या कॉलेजात मी कारकून होतो. साल १९६६. मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही, पगार बेताचा, पण अक्षर मोत्यासारखं. प्राचार्य चारचौघांत म्हणायचे, वामनरावांची यादी म्हणजे छापल्यासारखी. डोक्यात हवा गेली होती माझ्या, दुसरं काय! नुसतं 'पाम' लिहून माझं समाधान होईना. पामचा पोस्टमन बोईसर स्टेशनवर भेटला, तेव्हा त्याला मुद्दाम विचारलं आणि रकाना भरला: 'थोरल्या विहिरीमागे, डावीकडची बोळ, चाफ्याचे घर, मंजुळाबाई यांजकडे.' नंबर नसलेल्या गावाचा इतका चोख पत्ता कुणी लिहिला नसेल, असं वाटून मी स्वतःवरच खूश झालो.

दिवाळीनंतर यादीचं पुस्तक छापून आलं. नाव, बापाचं नाव, गाव, राहतं घर. वर ठळक अक्षरांत 'सर्वांना पाहण्यास खुली'. एक प्रत मी सुतळीला बांधून खिडकीजवळच्या खिळ्याला टांगली. विम्याचा एजंट येऊन पत्ते उतरवायचा. मुलासाठी स्थळं बघणारे बाप मुलींच्या पानांवर बोट फिरवत बसायचे. मला त्याचं हसू यायचं. वाईट असं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

फेब्रुवारीत एक म्हातारा आला. धुतलेला सदरा, हातात टोपली. "दांडीहून आलो, साहेब. माजी भाची हाय तुमच्या कालिजात, हंसा. तिची आय अंथरुणाला खिळलीय. मना वाचता येत नाय." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. मी पुस्तक खिळ्यावरून काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि पत्ता दोनदा वाचून दाखवला. त्याने ओठांतल्या ओठांत तो घोकला. विहीर, डावी बोळ, चाफा. जाताना सुक्या बोंबलांची जुडी टेबलावर ठेवली. नको नको म्हणत मी ती घेतली.

घरी बायकोने कालवण केलं. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी मंजुळाबाई कॉलेजात आल्या. पन्नाशीच्या, शाळेतून तशाच आलेल्या, हाताला खडू लागलेला.

"तिला मामाच नाही, वामनराव. सासरा होता तो."

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. दांडीच्या या मांगेल्या मच्छीमारांच्या पोरीचं पंधराव्या वर्षी लग्न लावलेलं. नवरा, जानू, मारायचा. पळून आली, ती यांच्या दारात. यांनी तिला मॅट्रिक केलं, माहेरच्या नावाने कॉलेजात घातलं.

"चार वर्षं लपवली मी तिला. कशी, ठाऊक आहे? पामला परक्या माणसाने मास्तरणीचं घर विचारलं की आधी माझ्याकडे निरोप येतो. विहिरीवरच्या बायकांना मी सांगून ठेवलं होतं. परवा चौघं आले. त्यांनी कुणाला काही विचारलंच नाही! सरळ बोळीत शिरले. मी शाळेत होते."

"पोलीस?"

"मी गेले होते चौकीत. ते म्हणाले, नवऱ्याने बायकोला घरी नेलं, यात गुन्हा कसला?"

त्यांनी एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. हंसाचं हॉल-तिकीट, मीच पामला टपालाने धाडलेलं. "आता तुम्हीच पोचवा," म्हणाल्या आणि गेल्या. मी प्राचार्यांकडे धावलो. ते म्हणाले, "पुस्तक सर्वांना खुलं आहे, वामनराव. तुमची चूक कुठे आहे यात?" मला तेवढंच ऐकायचं होतं, पण पाकीट अजून माझ्या हातातच होतं.

रविवारी बोईसरला उतरलो, भाड्याने सायकल घेतली आणि तारापूरकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ खात दांडी गाठली. किनाऱ्यावर बोंबील वाळत टांगलेले. हंसा खालचे पडलेले बोंबील वेचत होती, डाव्या हाताने. उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला.

"हाताला काय झालं गं?"

"वल्हं मारलं त्याने. म्हणाला, आता लिव कशी लिवतेस." तिने पलीकडे पाहिलं. सासरा होडीपाशी जाळं विणत होता, नजर आमच्यावर. "तुमी जा, भाऊ. तुमी गेल्यावर मला विचारतील."

"चुकलो मी, पोरी. पुस्तक काढून टाकतो मी तिथून."

"अजून कुठं कुठं गेलंय ते?"

"सगळ्या कॉलेजांत," मी म्हणालो.

तिने हातातले बोंबील खाली ठेवले आणि विचारलं, "त्यात अजून कुनी हाय का, माझ्यासारखी?"

काय सांगणार? दोनशे अकरा नावं लिहिली होती मी, एकालाही काही विचारलं नव्हतं. पाकीट पुढे केलं. तिने ते डाव्या हाताने घेतलं, कड दातांनी फाडली, हॉल-तिकीट ओढून काढलं आणि पोलक्यात सरकवलं. परीक्षेला बारा दिवस होते.

रिकामं पाकीट तिने मला परत दिलं. "हे तुमी ठेवा," म्हणाली आणि पुन्हा बोंबील वेचायला वाकली.

पाकिटावर पत्ता होता. विहीर, बोळ, चाफा. अक्षर सुरेख आलं होतं.