फवारा वाया गेला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, दम्याचा. रंगाने निळा, मुठीत मावेल एवढा. कारखान्यात माझ्या पोटात औषध भरले गेले आणि निपाणीच्या एका औषधाच्या दुकानातून मी तानीबाईच्या कमरेच्या पिशवीत आलो.

तानीबाईने तरुणपण तंबाखूच्या वखारीत काढले. तिथली धूळ छातीत बसली ती बसलीच. पुढे लेक सुविधा बेळगावला प्राध्यापिका झाली, नवे घर झाले, पण दमा काही सुटला नाही. दम लागला की तानीबाई मला दाबायची आणि माझा फवारा श्वासनळ्यांत शिरायचा. तिथे पेशींवर ‘बीटा’ नावाच्या बारीक जागा असतात. आपण घाबरतो, पळतो, तेव्हा शरीरातले अॅड्रेनालिन त्या जागांवर बसून श्वासाची वाट रुंद करते. माझे औषधही तिथेच बसते.

"ह्यो हाय म्हणून मी हाय," असे ती शेजारणींना सांगायची. मी फुगून जायचो.

पण मला फार दाबले, की हृदयावरच्या आणि हातांच्या स्नायूंतल्या तशाच जागाही जाग्या होतात. एका रविवारी शेजारी मिरच्या भाजत होते. तानीबाईला ठसका लागला. तिने मला पुन्हा पुन्हा दाबले. श्वास सुटला, पण छाती धडधडू लागली, हात थरथरू लागले. तिला बसवेना, उभे राहवेना. घरभर नुसत्या येरझारा.

"अवं, जीव नुसता वरखाली हुतोय," ती नवऱ्याला, कृष्णातला, म्हणाली.

त्याचे हात पूर्वी फार कापायचे. त्यावर त्याला डॉक्टरांची गोळी चालू होती. "माजी घे की," तो म्हणाला. "माजं हात बघ कसं थांबल्यात."

मायेनेच दिली हो! पण ती गोळी बीटाच्या जागा अडवून बसणारी. तिने थरथर थांबवली, धडधड थांबवली आणि श्वासनळ्यांतल्या जागाही धरून ठेवल्या. तासाभराने तानीबाईच्या छातीतून शीळ वाजू लागली. तिने मला दाबले. परत दाबले. माझा फवारा आत गेला, पण त्याला बसायला जागाच नव्हती. तिचे ओठ काळवंडत होते आणि मी तिच्याच मुठीत होतो. मित्रांनो, तशी तगमग मला कधी झाली नाही.

रविवार म्हणून घरीच असलेल्या सुविधाने गाडी काढली. दवाखान्यात माझ्याच जातीच्या औषधाची वाफ देऊनही उतार पडेना.

"यांनी नवीन काही घेतलं का?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही," सुविधा म्हणाली.

भिंतीला टेकलेला कृष्णात पुढे आला. "घेतलंय. मीच दिलती. माजी, हात कापायची गोळी."

डॉक्टरांनी लगेच औषध बदलले. आता दिले ते बीटाच्या वाटेने न जाता दुसऱ्याच वाटेने नळ्या उघडणारे होते. हळूहळू शीळ थांबली. दिवस मावळताना तानीबाईने डोळे उघडले.

"मी तुला मारलं असतं गं," कृष्णात म्हणाला.

"गोळी तुमी दिली, पर तोंड मीच उघाडलं न्हवं?"

आता तिच्याकडे रोज घ्यायचा दुसरा पंप आहे. मी रिकामा होऊन खिडकीत पडलो आहे. पण जीव थाऱ्यावर नाही. कोणी कोणाला गोळी देताना दिसले की मला ओरडावेसे वाटते. मित्रांनो, एकाच्या दुखण्याची गोळी दुसऱ्याला मायेनेही देऊ नका. आणि दिलीच, तर लपवू नका. त्या दिवशी मी काहीच करू शकलो नाही. तानीबाईचा श्वास मोकळा झाला, तो कृष्णात खरे बोलला म्हणून.