‘ग्रो’ची एक्केचाळीस कार्डं

शाळा सोडून बारा वर्षं झाली होती, तरी गल्लीत सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. शाळा त्यांनी सोडली ती नवऱ्याच्या कोशापायी. प्राध्यापक निवृत्त झाले, इंग्रजी-मराठी शब्दकोश करायला बसले, आणि महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की आपलं अक्षर आपल्यालाच लागत नाही. बाईंचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. “दोनेक वर्षांचं काम आहे गं,” ते म्हणाले होते, “मग जा की परत.” दोनाची बारा झाली आणि कोश अजून ‘जी’वरच होता.

कामाची रीत ठरून गेली होती. प्राध्यापक पुढच्या खोलीत बसून एकेका अर्थाचं एकेक कार्ड लिहीत. वर इंग्रजी शब्द, खाली उदाहरणाचं वाक्य. मधली मराठीची ओळ कोरी ठेवून ते स्वयंपाकघराकडे हाक मारत, “अगं, याला आपण काय म्हणतो?” बाई भांडी विसळता विसळता सांगत. दुपारी त्याच बाई सगळी कार्डं चांगल्या अक्षरात उतरवून बुटांच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवत.

‘ग्रो’ आला त्या दिवशी दोघंही रंगात होते.

“मूल?” पुढच्या खोलीतून हाक आली.

“वाढतं.”

“दाढी?”

“तीही वाढते. तुमची जरा जास्तच.”

“सवय?”

“जडते.”

“संशय?”

“बळावतो.”

“आणि ग्रो डार्क?”

“अंधारून येतं.”

“वा! आता हे सांग. एखादं माणूस आधी आवडत नाही, मग हळूहळू आवडायला लागतं. त्याला काय म्हणशील?”

बाईंनी हातातलं पातेलं उपडं घातलं. “अंगवळणी पडतं.”

“ते सवयीचं झालं, आवडीचं नाही.”

“ज्याचं त्याला ठाऊक. या आता, पान वाढलंय.”

“बघ, हेही वाढणंच!” प्राध्यापक हसत जेवायला आले. बाईही हसल्या. असे दिवस फार येत नसत, म्हणून त्यांच्या ते लक्षात राहिलं.

एकूण एक्केचाळीस कार्डं झाली. तिसऱ्या दुपारी बाई एकोणतिसाव्या कार्डाशी आल्या. अर्थ होता मनाने, बुद्धीने मोठं होण्याचा. खाली इंग्रजीत वाक्य होतं: त्याची बायको एके काळी शाळेत शिकवत असे, पण ती कधी वाढलीच नाही.

बाईंचं पेन थांबलं. उतरवताना त्या वाक्यं वाचत नसत, नुसती लिहीत. आता त्यांनी मागची कार्डं काढून वाचली. तो तिच्या बोलण्याला कंटाळत गेला. घर त्याला आवडू लागलं, घरातलं माणूस नाही. एकाच छपराखाली राहून ती दोघं एकमेकांपासून दुरावत गेली. सगळी त्यांच्याच सुबक अक्षरात.

त्या कार्ड घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. “अहो, हे काय?”

प्राध्यापकांनी चष्मा वर करून पाहिलं. “उदाहरण आहे. अर्थ चटकन कळतो विद्यार्थ्याला.”

“माझ्यावरनं?”

“काहीतरीच काय! बायको, शाळा, साधे शब्द आहेत. मनाला कशाला लावून घेतेस? पटकन सुचलं ते लिहिलं.”

विचार करून लिहिलं असतं तर बाईंना एवढं लागलं नसतं. कार्ड त्यांनी उतरवलं, खोक्यात लावलं, झाकण घातलं.

दुसऱ्या दिवशी हाक आली, “अगं, ‘ग्रज’ला आपण काय म्हणतो?”

अढी, आकस, डूख. तिन्ही शब्द जिभेवर हजर होते. बाईंनी नळ सोडला.

“मला नाही येत,” त्या म्हणाल्या.

“येत नाही? तुला?”

“वाढले नाही ना मी.”

प्राध्यापकांना नळाच्या आवाजात ते ऐकू गेलं नसावं. त्यांनी कार्डावर ‘द्वेषभाव’ लिहिलं. त्यानंतर सगळंच त्यांनी स्वतःचं स्वतः लिहिलं. बाई नुसत्या उतरवत राहिल्या.

वर्षभराने प्रकाशकाकडची तरुण संपादिका पहिल्या खंडाची कार्डं बघायला घरी आली. चाळून झाल्यावर म्हणाली, “सर, ‘ग्रो’पर्यंतचं मराठी कसं बोलतंय! पुढे एकदम सरकारी पत्रासारखं झालंय.”

“पुढचे शब्दच रुक्ष आहेत,” प्राध्यापक म्हणाले.

बाई चहा ठेवत होत्या. “आधीचं मराठी माझं आहे,” त्या म्हणाल्या.

प्राध्यापक मोकळेपणी हसले. “घरात बोलतो तीच भाषा. तिची काय नि माझी काय!”

संपादिका कपात बराच वेळ चमचा फिरवत राहिली.

त्या आठवड्यात बाई एकट्याच तिच्या कचेरीत गेल्या. “पुढचं सगळं मराठी मी नव्याने करून देते,” त्या म्हणाल्या. “पण कोशावर माझंही नाव हवं.”

“काकू, मला पटतंय हो,” संपादिका म्हणाली. “पण करार सरांशी आहे. त्यांनी लेखी द्यायला हवं.”

बाईंनी घरी येऊन विचारलं. “नाव?” प्राध्यापक म्हणाले. “अगं, अक्षराबद्दल आभार मानणारच आहे मी. वेगळी ओळ लिहिणार आहे.”

मग त्या जुन्या शाळेत गेल्या. एके काळी त्यांच्या हाताखाली असलेली मुलगी आता मुख्याध्यापिका होती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाली, “बाई, वयाची अट आहे हो.”

कोशाच्या पहिल्या खंडाची प्रत घरी आली ती अपेक्षेपेक्षा निम्म्या जाडीची. पानं कमी करण्यासाठी प्रकाशकाने झाडून सगळी उदाहरणं काढून टाकली होती. शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ, बस्स. वरती एकच नाव. आभाराची ओळही पानांबरोबर गेली होती.

प्राध्यापक मटकन खाली बसले. “माझं काय राहिलं यात?” ते म्हणाले. “अर्थ काय, कुणीही देईल! उदाहरणं माझी होती!” मग तरातरा उठून त्यांनी ‘ग्रो’चं खोकं काढलं आणि बाईंना समोर बसवून एकेक वाक्य मोठ्याने वाचायला घेतलं. बाईंनी मनात मोजलं. एकोणतिसावं आलं. प्राध्यापकांनी तेही तशाच रंगात, न अडखळता वाचलं आणि पुढचं कार्ड उचललं. त्यांच्या काही ध्यानीमनीही नव्हतं.

“सांग,” शेवटी ते म्हणाले, “काढून टाकावं असं एक तरी वाक्य आहे यात?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “सगळी मनापासून लिहिलेली आहेत.”

“तुला तरी कळतं.” त्यांचे डोळे भरून आले होते. बत्तीस वर्षांत बाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आपल्याला दया येते का, याची त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. आली नाही. मग त्यांनी चपला घातल्या.

“कुठे निघालीस?”

“काही नाही, जरा पाय मोकळे करून येते,” बाई म्हणाल्या, आणि दार ओढून घेतलं.