शेजारची सीट

माणसाने कशाच्या प्रेमात पडावं याला काही धरबंध नसतो. छकुली एका गाडीच्या प्रेमात पडली होती. वयाची चाळिशी उलटली, फिजिओथेरपीचं स्वतःचं क्लिनिक झालं, तरी घरात तिला छकुलीच म्हणत. आणि तिची ती लाल, बुटकी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार, तिला आई म्हणायची घसरगुंडी. "त्यात बसायचं नसतंच मुळी, घसरायचं असतं," असं आईचं म्हणणं.

बरं, हौस म्हणून घेतली आणि रविवारी फिरवली, तर तसंही नाही. ही बया रोज तीच घेऊन कामाला जायची. गतिरोधक आला की गाडीचं पोट खर्रकन घासायचं आणि छकुलीच्या काळजात चर्र व्हायचं. कंबरदुखीचे पेशंट क्लिनिकच्या खिडकीतून बघायचे, की आपल्याला "वाकताना जपा" म्हणणारी बाई स्वतः गाडीतून जवळजवळ रांगत बाहेर येते! भाजी आणली तर पिशवी मांडीवर, पाहुणा आला तर पाहुणा टॅक्सीत. पण सांगणार कोण? आपला तो बाब्या.

त्या दुसऱ्या सीटवर रोज सकाळी बाबा बसायचे. बाबा शिंपी. दुकान केव्हाच बंद केलं होतं, पण हात स्वस्थ बसेनात, म्हणून नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात अर्धा दिवस जायचे. कारखाना छकुलीच्या वाटेवरच होता. घरात हा माणूस महामुखदुर्बळ. आई बोलायची, बाबा "हूं" म्हणायचे आणि संसार झकास चालला होता. पण गाडीत बसले रे बसले, की तोंडाचा पट्टा सुरू. पहिलं मशीन उधारीवर कसं आणलं, कुठल्या नटाची ढेरी अंगरख्यात कशी कोंबली, आणि छकुलीचं लग्न मोडलं तेव्हा दुकानाचं दार लावून आपण कसे रडलो, हे सगळं त्यांनी त्याच सीटवर सांगितलं होतं.

मग बाबांचा खुबा बदलावा लागला. ऑपरेशन छान झालं, व्यायाम छकुलीने स्वतः करून घेतले. मात्र एक पथ्य सक्त होतं. बरेच दिवस खोल, खाली बसायचं नाही. गुडघा खुब्याच्या वर गेला तर नवा सांधा निखळायची भीती. आणि घसरगुंडीत तर गुडघे थेट हनुवटीला! त्यामुळे बाबा पुन्हा कामावर जायला लागले ते टॅक्सीने. शेजारच्या सीटवर छकुलीची पर्स बसू लागली.

"विकून टाक ती, आणि माणसांची गाडी घे," आई रोज म्हणायची. छकुलीला कळत होतं, पण वळत नव्हतं. एक उंच गाडी चालवून बघितली आणि घरी येऊन म्हणाली, "कपाटात बसल्यासारखं वाटतं गं." शेवटी तिने बाबांनाच विचारलं.

"बाबा, देऊन टाकू का हो गाडी?"

"अजिबात नाही!" बाबा इतक्या जोरात म्हणाले की आईने चष्म्यावरून बघितलं. एरवी हूं म्हणणारा माणूस, त्याला आज वाचा कशी फुटली?

चला, बाबाच नको म्हणतात म्हटल्यावर छकुलीला हायसं वाटलं. आणखी थोडे महिने कळ काढायची, मग बाबा बसतील की.

एका शनिवारी दुपारी क्लिनिक लवकर आटोपून ती घरी आली. आई झोपली होती. बाबांच्या शिवणाच्या खोलीतून आवाज येत होता. ठक, मग एक लांब हुश्श, मग पुन्हा ठक. तिने दार लोटलं. स्वयंपाकघरातली एक खुर्ची, जी हरवली म्हणून आईने सगळं घर पालथं घातलं होतं, तिचे पाय करवतीने अर्धे कापलेले. बाबा त्या खुर्चीत बसत होते आणि मशीनला धरून उठत होते. गळ्यात टेप, कपाळावर घाम.

"बाबा! अहो, काय चाललंय हे?"

बाबा चोरी पकडली गेल्यासारखे उभे राहिले. मग जरा कौतुकानेच म्हणाले, "बरोब्बर माप आहे बघ. तुझ्या गाडीची सीट जमिनीपासून मोजून आलो. आठवडा झाला, सवय करतोय. बसणं जमलंय. उठताना जरा ओढ बसते, तेवढीच."

दिवसभर जगाचे सांधे जपायचे आणि घरात हे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिने बाबांना पलंगावर निजवलं, खुबा चाचपला, पाय हलकेच फिरवून बघितला. नशीब थोर, सगळं जागेवर होतं. मग तिचा राग बाहेर पडला.

"निखळला असता म्हणजे? पुन्हा ऑपरेशन टेबलावर जायची हौस आलीय का? एवढं काय अडलंय त्या गाडीवाचून? मोठी घेते ना मी!"

"मोठ्या गाडीत मी मागे बसणार," बाबा छताकडे बघत म्हणाले.

"मागे का?"

"तुझ्या आईला मागे मळमळतं. तिला पुढेच बसावं लागतं. जागा झाली की ती येणार. यावंच तिने, तिचाही हक्क आहे. पण मग तुम्ही दोघी पुढे बोलणार. मागच्याशी कोण बोलतं गं? मला तुझ्याशी बोलायचं असतं. घरात नाही जमत मला."

"मलाही नाही करमत हो तुमच्याशिवाय," ती म्हणाली, आणि डोळे पुसून पुन्हा दटावणीच्या सुरावर आली. "पण मला एक सांगा. कपडा अंगावर बेततात, की अंग कपड्यावर?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग तुम्ही काय करत होतात?"

बाबांनी टेप गळ्यातून काढला आणि गुंडाळत राहिले.

घसरगुंडी गेली. एका हौशी दंतवैद्याने घेतली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत छकुली फाटकात उभी होती आणि रडली, खोटं कशाला सांगा. नवी गाडी आली ती राखाडी, उंच, चार दारांची, गुणी. तिच्याकडे वळून बघायचं कुणाला काही कारण नव्हतं.

पहिल्याच सकाळी आई नटूनथटून पुढच्या दाराशी हजर. "मला मैत्रिणीकडे सोडा." मागचं दार उघडून बाबा बसले, अगदी अलगद, खुब्याला काडीचा त्रास न होता, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

छकुलीने पट्टा लावला. आरशात तिला बाबांचं अर्धं कपाळ दिसलं. तिने पट्टा काढला आणि खाली उतरली.

"आई, चालवणाऱ्याला मळमळतं का गं?"

"छे! चालवणाऱ्याला कसलं मळमळतंय?"

"मग ही धर चावी."

आईला गाडी येत होती. येत होती म्हणजे काय, छकुलीला तिनेच शिकवली होती. पण लेक चालवायला लागली आणि तिने दुसऱ्या कुणाला म्हणून चाकाला हात लावू दिला नव्हता.

"अगं, नवीकोरी गाडी! आणि तू?" आई म्हणाली.

"मी मागे."

आईने एकदा लेकीकडे, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि चावी घेतली. सीट पुढे ओढली, आरसा फिरवला, पदर खोचला. एक दणदणीत गचका देऊन गाडी फाटकाबाहेर पडली. मागच्या सीटवर छकुलीचा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला, हात मुठीत वळले, आणि तोंडातून "अगं, अगं, डावीकडून" निघालंच.

बाबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चालवू दे तिला," ते म्हणाले. "तू इकडे बघ. काल राणीच्या झग्याची काय फजिती झाली, ऐक."