अकरा वेळा धुतलेलं तिकीट

मी टपालाचं तिकीट बोलतोय. तिकिटाचं आयुष्य एका प्रवासापुरतं असतं. शिक्का बसला की संपलं. माझं मात्र संपू दिलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

फिनलंडमधल्या कोत्का या बंदराच्या गावी इल्पोने मला विकत घेतलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तो आणि त्याचा मित्र वेइक्को यांचा 'कामोस' नावाचा गट होता. कामोस म्हणजे उत्तरेकडचा तो काळोख, ज्यात सूर्य कित्येक आठवडे वर येत नाही. त्यांचा संगणक वेइक्कोच्या घरी, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, कपडे बदलायच्या खोलीत असायचा. शनिवारी घरातली माणसं वाफ घ्यायला आली की यंत्रावर टॉवेल टाकून दोघांनी बाहेर पडायचं, असा वेइक्कोच्या आईचा नियम होता.

तिथे ते डेमो करत. डेमो म्हणजे खेळ नव्हे, कामाची वस्तूही नव्हे. संगणकाच्या तुटपुंज्या ताकदीतून चित्र आणि संगीत असं काही काढायचं, की दुसऱ्या जाणकारानेही तोंडात बोट घालावं. पडद्याच्या कडेला काळी चौकट असते, तिच्यात काहीच दाखवता येत नाही, असं यंत्राच्या पुस्तकात लिहिलं होतं. इल्पोने त्या चौकटीत बर्फ पाडला. त्यांच्या ओळखीपाळखीत तोवर हे कुणाला जमलं नव्हतं. त्या डेमोच्या फ्लॉपी पाकिटांतून देशोदेशी गेल्या, आणि महिन्याभराने डेन्मार्कमधल्या एस्ब्येर्गहून एक अनोळखी फ्लॉपी आली. सोबत चिठ्ठी होती. "बर्फ छान. संगीत मात्र जिन्यावरून भांडी गडगडल्यासारखं. माझं वापरा. आस्गर."

ते संगीत वेइक्कोचं होतं. दोन दिवस तो तेच संगीत पुन्हा पुन्हा लावून ऐकत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "घे बाबा त्याला. माझ्या भांड्यांपेक्षा बरा वाजवतो."

असा आस्गर कामोसचा तिसरा माणूस झाला. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. त्यांच्यामध्ये फक्त फ्लॉपी होती, आणि मी.

या मंडळींत एक रीत होती. पाकिटावर लावलेल्या तिकिटावर वरून डिंकाचा पातळ हात फिरवायचा. शिक्का डिंकावर बसतो. पलीकडच्याने तिकीट कोमट पाण्यात टाकलं की डिंक सुटतो, त्याबरोबर शिक्काही जातो. मग ते वाळवून उत्तरासोबत परत पाठवायचं. ही फसवणूक आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण सगळेच करत, म्हणून कुणाला काही वाटत नसे. प्रत्येक चिठ्ठी 'तिकीट परत पाठव' या शब्दांनी संपायची. जाताना मी पाकिटाबाहेर असायचो, येताना आत, आस्गरच्या चिठ्ठीच्या घडीत.

सुरुवातीला मलाही गंमत वाटली. मग जाणवू लागलं, की दर वेळी त्या पाण्यात माझं थोडं काही मागे राहतंय. माझ्यावर छापलेल्या पक्ष्याची चोच गेली. दातेरी कडा मऊ पडल्या. सातव्या खेपेला टपालकचेरीतल्या हुर्सकाइनेनबाईंनी माझ्यावरून अंगठा फिरवला. तो थांबला. त्यांनी इल्पोकडे पाहिलं आणि शिक्का मारला. त्यानंतर तो अंगठा दर वेळी जरा जास्तच थांबू लागला.

तिकडे आस्गरच्या चिठ्ठ्या आखूड होत चालल्या होत्या. आठव्या खेपेला पेनाचा दाब कागदाला जाणवेनासा झाला. नवव्या वेळी त्याने लिहिलं, रक्ताचं काहीतरी आहे, डॉक्टर माझ्याशी फार गोड बोलायला लागलेत. दहाव्या वेळी पत्ता इस्पितळाचा होता. अकराव्या वेळी अक्षर त्याच्या बहिणीचं, किर्स्टिनेचं होतं. आस्गर सांगतो आणि मी लिहिते, असं तिने कळवलं होतं. संगणक खाटेशेजारी आणलाय. नवं संगीत पाठवतोय, त्यावर बर्फ कसा नाचतो ते त्याला बघायचंय. वीस तारखेला त्याला वेगळ्या खोलीत हलवतील, तिथे यंत्र नेता येणार नाही.

इल्पोच्या हातात बारा दिवस होते, त्यातले तीन टपालाचे. आठव्या दिवशी डेमो पूर्ण झाला. वेइक्कोने तो पाहिला आणि टॉवेल तोंडावर धरून बसून राहिला.

मग त्याने खिशातून कोरी तिकिटं काढली. "आईकडून आणलीत. या वेळी हीच लाव. पलीकडच्या गावात याच भानगडीसाठी एकाच्या दारात पोलीस आलेत."

"नको," इल्पो म्हणाला. "हे तिकीट दर वेळी परत आलंय. हे लावलं तर त्याला ते परत पाठवावंच लागेल."

"अरे येड्या, तिकीट आहे ते. ताईत नव्हे."

इल्पोने मला पाकिटाच्या कोपऱ्यावर टेकवून पाहिलं.

"बरं, लाव. पण वरून डिंक तरी नको फासू."

"डिंक नाही लावला तर तो धुणार कसा?"

वेइक्कोने कोरी तिकिटं परत खिशात टाकली. या वेळी मला धुवायचंच नाही, असं उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोण विचारणार? डिंकाचा ओला हात माझ्यावरून फिरला, आणि आतल्या फ्लॉपीचं ओझं मला पहिल्यांदाच जाणवलं.

हुर्सकाइनेनबाईंनी पाकीट खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. "पोरा, दुसरं लाव," त्या हळूच म्हणाल्या.

"हेच असू दे."

त्यांनी शिक्का मारला आणि मला पिशवीत टाकलं. त्या पिशवीतून मी फार लांब गेलोच नाही. पुढच्या ठिकाणी, जिथे पत्रं वेगळी करतात, तिथे एका हाताने मला उचलून चौकशीच्या कप्प्यात ठेवलं. कप्पा बंद झाला. मी आजवर इतक्या पाण्यांतून गेलो, पण बुडाल्यासारखं तिथेच वाटलं.

पाकीट कोत्काला परतलं तेव्हा महिना उलटत आला होता. सोबत ताकीद होती. इल्पोने ती वाचली नाही, त्याने सरळ एस्ब्येर्गला फोन लावला. पाकीट त्याच्या हातातच होतं, म्हणून किर्स्टिनेचा आवाज मलाही ऐकू आला. आस्गर चोवीस तारखेला गेला होता. वीस तारखेपर्यंत तो रोज टपालाचं विचारायचा.

"शेवटी म्हणाला, इल्पोचं काम झालं नसेल," ती सांगत होती. "त्याला सांग म्हणाला, घाई करू नकोस."

इल्पोने "बरं" म्हणून फोन ठेवला.

कामोसने त्यानंतर काही केलं नाही. आता इल्पोचे केस पांढरे झालेत. जुने डेमो जमवणारी मंडळी त्याला पत्रं लिहितात, तुमच्या गटाचा शेवटचा डेमो कुठे आहे म्हणून विचारतात. तो पूर्णच झाला नव्हता, असं तो कळवतो. किर्स्टिनेही तेच समजून जगतेय. पाकीट त्याच्या कपाटात आहे, अजून बंद. माझ्यामागे फ्लॉपी तिच्यावरचा डेमो दरवर्षी थोडा थोडा विसरत चाललीय. असंच चाललं तर एक दिवस इल्पो म्हणतो तेच खरं होईल.

इल्पो, माझी पर्वा करू नकोस. पाकीट फाड. आणि किर्स्टिनेला फोन करून सांग, की काम वेळेत झालं होतं.