बावीस शून्यं

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिला सगळ्या जणी ‘कॉलेजवाली’ म्हणायच्या. पंचेचाळिशी उलटलेली, लेक लग्नाला आलेली, आणि ही बया पदवीच्या शेवटच्या वर्षाला! “आता म्हातारपणी डॉक्टर हो, आणि आम्हालाच सुया टोच,” असं घडीवाली मावशी चिडवायची. पण परीक्षा आली की हिच्या वाटच्या चादरींच्या घड्याही मावशीच गुपचूप घालून ठेवायची. मायेची माणसं अशीच, तोंडानं कधी कबूल व्हायची नाहीत.

कामकरी माणसांसाठीचा अभ्यासक्रम होता तो, वर्ग सुट्टीच्या दिवशी. शेवटचा प्रकल्प पुस्तकातून करायचा नाही. आपल्याच माणसांकडून शिकायचं आणि शिकलेलं त्यांच्यासमोरच उभं राहून वाचायचं, असा सरांचा दंडक. तिनं विषय घेतला: धुलाईखात्यातल्या बायकांचे हात. बायका तिला धरून बावीस, म्हणून फॉर्मही बावीस. सातवा प्रश्न होता, मळक्या चादरींतून आलेली सुई वर्षभरात किती वेळा टोचली?

बावीसही जणींनी लिहिलं, शून्य.

आता खरं काय ते ऐका. कपडे निवडायच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. वॉर्डातल्या चादरीत सुई निघाली की त्यात टाकायची. टोचली तर बोट नळाखाली धरायचं, चिंधी गुंडाळायची आणि पुढची चादर उचलायची. बोलायचं नाही. बोललं की रक्ताची तपासणी, आणि तपासणीत काही निघालं की घरी बसा! ठेक्यावरच्या बायका, त्यांचा वाली कोण? हे इतकं अंगवळणी पडलं होतं की शून्य लिहिताना कुणाचाच हात अडखळला नाही. हिचासुद्धा नाही. हिची थोरली जाऊ याच टेबलावर पंधरा वर्षं राबली आणि सुईतून लागलेल्या काविळीनं गेली, तरी हिनं शून्यच लिहिलं. माणूस किती निर्ढावतो बघा.

वाचनाला दोन दिवस उरले होते. लेक अहवाल टाइप करत होती. मध्येच थांबून म्हणाली, “आई, सगळ्यांचं शून्य? मग काकू कशानं गेली?”

“तू नुसतं टाइप कर,” ती खेकसली. पण रात्री तिनं आपला फॉर्म काढला आणि सातव्या उत्तराकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं मावशीला गाठलं. “मावशी, सातवं उत्तर खोटं आहे.”

“मग? झाकली मूठ सव्वा लाखाची. हात दाखवून अवलक्षण कशाला? तू उद्या पदवी घेऊन ऑफिसात बसशील. आम्ही इथंच आहोत. आमच्या पोटावर पाय देऊन तुला शहाणं व्हायचंय का?”

“मी कुणाचं नाव नाही घेणार.”

“आणि डब्यालाही हात लावायचा नाही. माझी शपथ आहे.”

तिनं शब्द दिला.

वाचन निवडायच्या टेबलापाशीच झालं, पाळी सुटल्यावर. सर होते, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या आणि दाराला टेकून मुकादम उभा होता. ती वाचत गेली. सातव्या प्रश्नापाशी परीक्षक बाई म्हणाल्या, “एकीलाही सुई टोचली नाही? कौतुक आहे तुमच्या खात्याचं!” मुकादमाची कळी खुलली.

कौतुक! हिच्या डोळ्यांपुढे जावेचे पिवळे झालेले डोळे आले. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“यातले एकवीस फॉर्म माझे नाहीत,” ती म्हणाली. “त्यांना मी हात लावणार नाही. एक माझा आहे, आणि तो खोटा आहे.” तिनं पेननं शून्य खोडलं. “अकरा वेळा टोचली. हे बघा हात.”

मुकादमाचा चेहरा खर्रकन उतरला. सर सावकाश म्हणाले, “एक उत्तर खोटं निघालं तर सगळी पाहणी पुन्हा करावी लागेल. मग या वर्षी पदवी...”

“ठाऊक आहे, सर.” या पदवीमागे सहा वर्षं गेली होती. पदवीची चौकट टांगायला लेकीनं भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

गुडघ्यांवर हात टेकून मावशी उठली. आता ही आपली खरडपट्टी काढणार, असं तिला वाटलं.

“माझा फॉर्म दे इकडे.”

मावशीनं शून्यावर काट मारली. मग पेन तसंच धरून उभी राहिली. “आकडा काय लिहू? आठवत नाही गं.”

“तसंच लिहा, मावशी.”

मावशीनं एकेक अक्षर ओढत लिहिलं, ‘आठवत नाही’. मग ती वाकली आणि टेबलाखालचा डबा ओढून परीक्षक बाईंसमोर ठेवला. “शपथ मी घातली होती, मीच मोडते. बघा उघडून.”

झाकण निघालं. डबा काठोकाठ भरलेला होता. मग एकेक बाई उठून आपला फॉर्म मागू लागली. तिघी उठल्या नाहीत. त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

घरी लेक दारातच उभी होती. “झाली का पदवी?”

“पुढच्या वर्षी.”

ट्रंकेच्या तळाशी जावेचा फोटो होता. इतकी वर्षं त्याच्याकडे बघायची तिची हिंमत झाली नव्हती. तिनं तो काढला, पदरानं पुसला आणि त्या खिळ्याला टांगला.