चौथी खिडकी

त्या काळी मी कोल्हापुरात इंग्रजी शिकवायचो, आणि जुन्या विलायती कादंबरीतल्या घरांवर बोलायला लागलो की मला घंटासुद्धा ऐकू यायची नाही. माणसं खोटं बोलतील, पण कादंबरीतलं घर खोटं बोलत नाही, हे माझं पालुपद. पोरं जांभया द्यायची. अडुसष्टच्या गॅदरिंगला मी हट्टानं तसल्याच एका कादंबरीचं नाटक बसवलं आणि पडद्यासाठी मंगळवार पेठेतल्या आकाराम पेंटरला गाठलं. घर असं काढ, म्हटलं, की आत काहीतरी दडवलंय हे बघणाऱ्याला कळावं.

आकारामनं विलायती घर कुठं पाहिलेलं? त्यानं कुरुंदवाडचं, लेकीच्या सासरचं दुमजली घर डोळ्यांपुढं आणलं आणि त्यालाच धुराडं चढवलं. तानी त्याची एकुलती एक लेक. बाळंतपणात मूल गेल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती. भेटायला गेलं की सासरचे सांगायचे, हवापालटाला मिरजेला नणंदेकडं धाडलीय. बाप चहा पिऊन परत यायचा. लेकीच्या सासरी आवाज चढवायचा तरी कसा?

पडद्यावर माडीच्या खिडक्या त्यानं काळ्या केल्या. सकाळी मी गेलो तर चौथ्या खिडकीत पिवळा उजेड. झकास जमलंय, म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. हा उजेड आपण काढलाच नाही, म्हणाला. संध्याकाळी त्यानं वर काजळी फासली. सकाळी उजेड पुन्हा हजर. खालचा जुना रंग फुटत असेल, असं शहाणपण मी पाजळलं, पण मांजरपाट कोरा करकरीत होता. रोज तो फासायचा, रोज उजेड तिथंच. मला भीती वाटायला लागली.

शेवटी ब्रश खाली ठेवून आकाराम म्हणाला, "सर, भायरनं खिडक्या चार हायत. मला माडी दावली तवा खोल्या तीनच हुत्या की."

आम्ही दुपारच्या एस.टी.नं कुरुंदवाड गाठलं. जावई आडवा आला, त्याला आकारामनं बाजूला सारलं. माडीवर तिसऱ्या खोलीत भिंतीला बाजलं उभं केलेलं. ते सरकवलं, तर मागं कडी घातलेलं दार.

तानी खिडकीशी बसली होती, नुसती हाडं उरलेली. बापाला बघून ती रडली नाही. कोनाड्यातल्या रॉकेलच्या चिमणीकडं बोट करून कित्येक महिन्यांनी बोलली.

"आबा, तुमास्नी दिसावं म्हून रोज दिवा लावत हुते. रोज सांजच्याला कुणाचा तरी काळा हात यायचा आन् इझवायचा."

आकारामनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. नखांत काजळी अजून तशीच होती.