दहाव्याला दिलेला शब्द

युरोपातल्या एकोणतीस देशांनी आपापसातल्या सीमा पुसून टाकल्या, ही मानवजातीची थोर झेप आहे. खुटबावच्या नदीकाठी मात्र तिच्यापायी पाऊण तास झाला तरी साखरबाईंच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता.

"दाजी, बोला की," पाबळहून आलेले मेहुणे ज्ञानदेव म्हणाले. "आक्काचा जीव पोरात अडकलाय. म्हणा, सार्थकला बोलावून घेतो."

साखरबाईंचे नवरे सोपानराव, त्यांनी हात नुसते जोडून ठेवले. लेकीचं, नीलमचं लग्न करून देऊ, हे सांगून झालं होतं. म्हशी विकणार नाही, तेही झालं होतं. कावळे बाभळीवर बसून ऐकत होते. साखरबाई हयातीतही अशाच ऐकायच्या, हूं की चूं न करता.

नीलमच्या हातातल्या फोनवर तिच्या भावाचा चेहरा होता. सार्थकचा कामाचा परवाना क्रोएशियाचा, काम पोलंडात. वाटेत एकही नाका लागला नाही, तेव्हा शिरूरचं लायसन दौंडात चालतं तसंच हे, असं त्यानं धरलं. बापानंही "बराबर हाय" म्हणून टाकलं. चूक कळली तोवर परवाना संपला होता. आतले नाके काढून त्या लोकांनी ते बाहेरच्या कुंपणावर नेऊन बसवले होते. घरी यायला विमानतळावर पासपोर्ट दाखवला की सापडणार. आणि एकानं बंदी घातली की ती एकोणतीसही देशांत लागू.

"मी येतो, आप्पा," सार्थक म्हणाला. "व्हायचं ते होऊ दे."

"आलास की परत जाता यायचं न्हाई."

"आईपुढं त्याचं काय?"

"बघा! लेकरू तयार हाय," ज्ञानदेव म्हणाले. "तुमचंच तोंड उघडंना."

पिंडाशेजारी साखरबाईंचं हिरवं लुगडं ठेवलं होतं. वारा नव्हता. तरी पदर हलला, किंवा हलला असं सोपानरावांना वाटलं. ते दोन पावलं मागं सरले.

"सार्थकची आई, ऐक," ते हळू म्हणाले. "त्याला बोलवत न्हाई मी. तिथंच ऱ्हाऊ दे."

"दाजी!"

कावळा उतरला. भाताचा घास उचलून निघूनही गेला.

ज्ञानदेवांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"शिवला का गं?" फोनमधून आलं.

"शिवला, दादा."

पलीकडचा चेहरा मग हललाच नाही. नेटवर्क गेलं असं नीलमला वाटलं. नेटवर्क होतं. पोलंडात पहाटेचे पाच वाजले होते, आणि शिफ्ट सहाची होती.